आकडे छापलेत, पण अल्बम ऐकले का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या शनिवारच्या पुरवणीत कान्ये वेस्ट आणि फिफ्टी सेंट या अमेरिकन रॅपर्सच्या नव्या अल्बमबद्दल अर्ध्या पानाचा मजकूर आला तो वाचला. खरंतर गप्प बसणार होतो पण जमत नाहीये. आधी चांगलं ते सांगतो, मराठी पेपरमध्ये हिपहॉपवर अर्धं पान आणि तेही रंगीत फोटोसकट, हेच मला अजून खरं वाटत नाही, त्यासाठी मनापासून आभार. पण अहो, ते अख्खं अर्धं पान म्हणजे नुसतं स्कोअरकार्ड आहे. अमेरिकेतला पहिल्या आठवड्याचा खप, कान्ये ९ लाख ५७ हजार, फिफ्टी ६ लाख ९१ हजार, कान्ये जिंकला, फिफ्टी हरला, गँगस्टर रॅप (बंदुका आणि गुंडगिरीवरचं रॅप) संपलं, आता तो शब्द पाळून रिटायर होणार का, संपला मजकूर. परवाच ट्वेंटी-ट्वेंटीचा वर्ल्ड कप आणलाय आपण, युवराजच्या सहा सिक्स अजून डोळ्यासमोर आहेत, तेव्हा सगळीकडे स्कोअरच दिसणार हे समजू शकतो. पण दोन अल्बमवर लिहिताना एका तरी गाण्याचं नाव? एकही नाही! वर शेवटी एक वाक्य टाकलंय की हे असलं संगीत म्हणजे दुसऱ्यांच्या चाली उचलायच्या आणि त्यावर शिव्या द्यायच्या. या वाक्याकडे नंतर येतो, ते असंच सोडणार नाहीये.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कान्येच्या अल्बमचं नाव 'ग्रॅज्युएशन', फिफ्टीचा 'कर्टिस' (ते त्याचं खरं नाव, कर्टिस जॅक्सन). दोघांच्या तारखा आधी वेगळ्या होत्या, त्या पुढेमागे सरकत सरकत ११ सप्टेंबर २००७ च्या मंगळवारावर येऊन बसल्या. मग फिफ्टीने जाहीर करून टाकलं की कान्येचा माझ्यापेक्षा जास्त खपला तर मी सोलो अल्बम काढणं बंद करीन. झालं, रोलिंग स्टोन मासिकाच्या कव्हरवर दोघं नाकाला नाक भिडवून उभे, टीव्हीवर दोघं शेजारी शेजारी, सगळीकडे तेच. आता यातली खरी मेख ऐका. फिफ्टीचा अल्बम इंटरस्कोपचा, कान्येचा डेफ जॅमचा, आणि ही दोन्ही लेबलं, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या, एकाच युनिव्हर्सल म्युझिकची. म्हणजे तुम्ही कुठलाही घ्या, पैसे एकाच गल्ल्यात जाणार. भांडण दोघांचं आणि दुकान तिसऱ्याचं. तुमच्या मजकुरात हे पहिल्या परिच्छेदात यायला पाहिजे होतं, ते कुठेच नाही.

आणि आकडेच द्यायचे तर नीट तरी द्या. फिफ्टीचा २००५ चा 'द मॅसकर' पहिल्या आठवड्यात ११ लाखांवर गेला होता आणि तो आठवडासुद्धा पूर्ण नव्हता, विक्रीला मोजून चारच दिवस मिळाले होते. तिथून तो आता ७ लाखाच्या खाली आलाय. उलट कान्येचा पहिला अल्बम २००४ मध्ये साडेचार लाखाच्या आसपास सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये ८ लाख ६० हजार, आणि आता हा तिसरा, आणि हे सगळं कधी, तर सीडीचा खप सगळीकडेच घसरत असताना. म्हणजे एकाची उतरण आणि एकाची चढण एका मंगळवारी एकमेकांना क्रॉस झाली. आता ती का झाली याचं उत्तर आकड्यांत नाही, गाण्यांत आहे.

मी मूळचा फिफ्टीवाला आहे हे आधीच सांगतो म्हणजे नंतर कोणी पार्शालिटी म्हणायला नको. २००३ ला त्याचा पहिला मोठा अल्बम आला तेव्हा आमच्या कॉलेजात अर्धी पोरं तशी टोपी आडवी घालून फिरायची, मीपण त्यातलाच. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सचा पोरगा, आई आठव्या वर्षी गेली, आजी-आजोबांनी वाढवलं, २००० साली नऊ गोळ्या खाल्ल्या आणि तरी उभा राहिला, जबड्याला गोळी लागल्यामुळे बोलणं जरा जड झालं आणि तोच जडपणा त्याच्या आवाजाची ओळख बनला. अशा माणसाला कोण हरवणार असं वाटायचं. कान्ये म्हणजे त्याच्या बरोब्बर उलटा, शिकागोचा, आई कॉलेजात इंग्रजीची प्रोफेसर, घरात पुस्तकं, गुलाबी टीशर्ट घालणारा, आणि टीव्हीवर सगळ्यांसमोर बुशला काळ्या लोकांची पर्वा नाही असं म्हणून मोकळा होणारा.

पण दोन्ही सीडी ऐकताना एक गोष्ट लक्षात येते, की हे दोन्ही अल्बम एकाच विषयावर आहेत, आणि तो विषय म्हणजे पैसा. गरिबीतून वर यायची गोष्ट दोघांची सांगून झालीये. आता पैसा आलाय, भरपूर आलाय, पुढे काय? फिफ्टी तो मोजत बसलाय आणि कान्ये त्याच्याशी भांडतोय.

'आय गेट मनी' घ्या. माझ्या मते या दोन्ही अल्बममधलं सगळ्यात भारी गाणं हेच आहे, हो, फिफ्टीचं, कान्येचं नाही! गाण्यात आहे काय तर जवळजवळ काहीच नाही, एक ड्रम, तोही अडखळल्यासारखा, दोन ठोके पडतात आणि तिसरा जिथे यायला पाहिजे तिथे येतच नाही, आणि मध्ये मध्ये एका पोराचा आवाज तेच ते म्हणतो की मला पैसा मिळतो. हा आवाज आणि हा ड्रम १९८७ चा आहे, ब्रुकलिनच्या ऑडिओ टू या जोडीच्या 'टॉप बिलिन' गाण्यातला. वीस वर्षं जुना तुकडा, पण फिफ्टीने असा धरलाय की बाकी वाद्यांची गरजच वाटत नाही. आणि सांगतो काय? तर स्वस्तातलं पाणी बाटलीत भरून दोन डॉलरला विकलं आणि मग कोकाकोलाने येऊन ते अब्जावधींना विकत घेतलं. ही फुशारकी नाहीये, व्हिटॅमिनवॉटर बनवणाऱ्या कंपनीत त्याचा हिस्सा होता आणि याच वर्षी कोकाकोलाने ती कंपनी ४.१ अब्ज डॉलरला घेतली. नऊ गोळ्यांची गोष्ट आपण दहा वेळा ऐकलीये, ही नवीन आहे, ती या वर्षीची आहे आणि खरी आहे, म्हणून आवाजात जोर आहे. इथे तो गुंड नाही, धंदेवाला आहे, आणि धंद्याबद्दल बोलताना तो जेवढा मजा घेतो तेवढी पिस्तुलाबद्दल बोलताना या अल्बममध्ये कुठेच घेत नाही.

आता कान्येचं 'कान्ट टेल मी नथिंग' त्याच्या शेजारी ठेवून ऐका. हाही पैशावरच सुरू होतो. म्हणतो स्वप्न पडलं की पैसे देऊन स्वर्गात जागा घेता येईल, जाग आल्यावर ते पैसे गळ्यातल्या चेनवर उडवले. पहिल्या दोन ओळींत स्वप्न, देव, पैसा, आणि स्वतःचा मूर्खपणा, सगळं. पूर्ण गाण्यात तो स्वतःला समजावतोय आणि स्वतःच ऐकत नाहीये, आणि मागे तो जड, ताणलेला, देवळातल्या नगाऱ्यापेक्षाही हळू चालणारा बीट, म्हणजे शब्दांमागचं संगीत, डीजे टूम्प या निर्मात्याबरोबर बनवलेला. हे ऐकताना नाचता येत नाही आणि बंदही करवत नाही. फिफ्टीचं गाणं पहिल्यांदा ऐकताना जास्त आवडतं. कान्येचं दहाव्यांदा.

इथपर्यंत मॅच बरोबरीत आहे असं धरा. 'आय गेट मनी' झाल्यावर 'कर्टिस'मध्ये उरतात अजून पंधरा-सोळा ट्रॅक, एकूण सतरा आहेत, आणि तिथे सगळा घोळ होतो. पाहुणे किती बोलवावेत याला काही लिमिट? एकॉन आहे, जस्टिन टिंबरलेक आहे, टिंबालँड आहे, रॉबिन थिक आहे, मेरी जे ब्लाइज आहे, एमिनेम आहे, पुसीकॅट डॉल्सची निकोल आहे, स्वतःच्या ग्रुपचे यंग बक आणि टोनी येयो आहेतच. नाक्यावर नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो ना, त्यात शुभेच्छुकांचे इतके चेहरे असतात की वाढदिवस कोणाचा ते शोधावं लागतं, तसं झालंय. 'आयो टेक्नॉलॉजी' आता व्हीएच वनवर दिवसातून कितीदा लागतं, चांगलंच आहे गाणं, पण त्यातून लक्षात काय राहतं, टिंबरलेकचा हूक (गाण्यात परत परत येणारी ओळ) आणि टिंबालँडचे व्हिडिओ गेमसारखे आवाज. फिफ्टी मध्ये येऊन जातो. रॉबिन थिकवालं गाणं रॉबिन थिकचं, मेरी जेवालं मेरी जेचं. मुलींसाठी एक, क्लबसाठी एक, गल्लीतल्या पोरांसाठी एक, एमिनेमच्या फॅनसाठी एक, असं प्रत्येकाला एक एक वाटून दिल्यावर अल्बम म्हणून हातात काय राहणार. आणि 'अम्युझमेंट पार्क' नावाचं जे आहे ना, ते तर २००५ च्या 'कँडी शॉप'चंच धाकटं भावंड. तेव्हा मिठाईचं दुकान होतं, आता जत्रा आलीये, पुढच्या अल्बमला बहुतेक सर्कस. 'स्ट्रेट टू द बँक'मध्ये तो बँकेत जाताना हसतो, म्हणजे खरंच हूकमध्ये हा हा हा हा असं हसतो, आणि मला पहिल्यांदाच असं वाटलं की याला हसू येत नाहीये.

बंदुकांचंही तेच. गाण्यांची नावंच बघा, एकात माझी बंदूक उडते, एकात मी अजूनही मारीन, एकात भरलेलं मॅगझिन, एकात स्वतःच्या नावापुढे १८७ लावलंय, तो कॅलिफोर्नियाच्या कायद्यातला खुनाच्या कलमाचा आकडा, आपल्याकडे ३०२ म्हणतात तसा. आणि हा गृहस्थ राहतो कुठे तर कनेटिकटमध्ये, आधी माइक टायसनच्या मालकीच्या असलेल्या, पन्नासहून जास्त खोल्यांच्या वाड्यात. राहू दे, कमावलंय त्याने, माझा आक्षेप नाही. पण मग त्या वाड्यावर गाणं कर ना! इतक्या खोल्यांत रात्री एकट्याला कसं वाटतं ते सांग, कोण भेटायला येतं, कोण उधार मागायला येतं ते सांग. ते तो सांगत नाही, तो अजून त्या जुन्या कोपऱ्यावरच उभा आहे.

आणि तिकडे कान्ये, ज्याला सगळे मवाळ आणि शिकलेल्या घरचा म्हणून हिणवतात, तो 'एव्हरीथिंग आय ॲम'मध्ये म्हणतो की असं सहसा कोणी रॅप करत नाही पण माझ्याकडे पुरावा आहे, गेल्या वर्षी एकट्या शिकागोत सहाशेच्या वर शवपेट्या निघाल्या. एवढीच एक-दोन ओळ, त्यावर भाषण नाही, पुढे निघून जातो. मागे नुसता पियानो, आणि डीजे प्रीमियरचा स्क्रॅच, तबकडी पुढेमागे घासून जुन्या रेकॉर्डमधले शब्द बोलते करायचे, त्यात त्याचा हात कोणी धरत नाही. याच गाण्यात कान्ये सांगतो की हा बीट आधी कॉमन नावाच्या रॅपरला दिला होता, त्याला नको होता, मग मीच घेतला. स्वतःचा नाकारलेला माल स्वतः सांगून विकणारा रॅपर मी तरी दुसरा पाहिला नाही. 'कर्टिस'मधल्या सगळ्या बंदुका एका बाजूला आणि ही शवपेट्यांची ओळ एका बाजूला.

बरं, आता तुमच्या त्या चाली उचलण्याच्या वाक्याबद्दल. हिपहॉपमध्ये सॅम्पल म्हणजे जुन्या रेकॉर्डचा तुकडा घेऊन त्यावर नवीन बांधायचं, हे उघड आहे, लपवाछपवी नाही, सीडीच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरात प्रत्येक गाण्याखाली लिहिलेलं असतं कोणाचं काय घेतलं, पैसे आणि परवानगी दोन्ही लागतं. न विचारता घेतलं तर काय होतं याचं उदाहरण तर आपल्याच घरातलं आहे. २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह' आलं, त्यात आपल्या लतादीदींचा आवाज, 'थोडा रेशम लगता है', जसाच्या तसा, ना परवानगी ना नाव. बप्पी लाहिरी अमेरिकेच्या कोर्टात गेले आणि नाव दिल्याशिवाय सीडी विकायची नाही असा आदेश घेऊन आले. आणि लेबल कुठलं होतं माहितीये? आफ्टरमॅथ, रॅपर-निर्माता डॉ. ड्रेचं, इंटरस्कोपच्याच हाताखालचं, म्हणजे फिफ्टीचंच लेबल. त्या गाण्यानंतर दोन-तीन वर्षांतच ब्लॅक आयड पीजने आशाताईंचं 'ये मेरा दिल' घेतलं आणि ग्रॅमीसुद्धा घेऊन गेले. म्हणजे ही चाली उचलण्याची परंपरा वाईट असेल तर तिच्यात अर्धं मंगेशकर घराणं आहे, हे लिहिणाऱ्याने लक्षात घ्यावं. (आणि हिपहॉपचा विषय निघाला की कोणीतरी लगेच आपल्या पोवाड्याशी तुलना करतं, कृपा करून पुढच्या लेखात ती करू नका. ओढूनताणून आहे.)

तर कान्ये या कामात किती पुढे गेलाय ते 'स्ट्राँगर'मध्ये कळतं. ते सगळ्यांनी ऐकलंय, टोकियोत शूट केलेला व्हिडिओ, तो पांढरा चष्मा. त्यातला मशीनचा आवाज डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा, हेल्मेट घालून फिरतात ते. पण डाफ्ट पंकनेही तो तुकडा स्वतः कुठे बनवला होता, त्यांनी घेतला १९७९ च्या एडविन बर्डसाँगच्या 'कोला बॉटल बेबी'मधून. म्हणजे काळ्या माणसाचं फंक पॅरिसला गेलं, तिथून रोबोट बनून परत शिकागोला आलं. आता योगायोग बघा, फिफ्टीच्या बेस्ट गाण्यात कोला कंपनीचे पैसे आणि कान्येच्या या अल्बममधल्या सगळ्यात मोठ्या हिटच्या मुळाशी कोलाची बाटली! याला काही अर्थ नाहीये, मला उगाच मजा वाटली. 'गुड लाइफ'मध्ये मायकल जॅक्सनचं 'पी वाय टी' आहे, स्पीड वाढवून आवाज बारीक केलेलं, त्यावर टी-पेन या गायकाचा तो मशीनमधून काढलेला गळा, गणपतीत आमच्या मांडवात मी हळूच लावून बघितलं, दोन काकांनी मान डोलावली, तिसऱ्याने बंद करायला लावलं. 'आय वंडर'मध्ये लॅबी सिफ्रेचं १९७२ चं गाणं आहे आणि तिथे कान्ये एकेक शब्द इतका लांब ओढतो, मध्ये इतकी जागा सोडतो, की सुरुवातीला वाटतं सीडी अडकली.

ती जागा सोडण्याचं कारण तो स्वतः सांगतो. यू टू या रॉक बँडच्या टूरवर तो आधी गायचा, हजारो लोकांची स्टेडियम, आणि तिथे त्याला कळलं की भरभर शब्द टाकले तर मागच्या रांगेपर्यंत फक्त गोंगाट पोचतो. म्हणून या अल्बममध्ये शब्द कमी आहेत, सिंथेसायझर मोठे आहेत, आणि गाण्यांच्या मधली ती बोललेली नाटुकली पूर्ण काढून टाकलीयेत जी आधीच्या दोन्ही अल्बममध्ये डोकं खायची. तेरा गाणी, एक्कावन्न मिनिटं, खेळ खल्लास. सतरा विरुद्ध तेरा हा आकडा मात्र तुम्ही छापायला हवा होता.

'फ्लॅशिंग लाइट्स' घ्या. आधी फक्त व्हायोलिनं, सिनेमाच्या सुरुवातीसारखी, मग सिंथचा तो तुटक तुटक ठोका त्याच सुरावर, आणि मग एक बाई दोनच शब्द म्हणते आणि गप्प होते. गाणं फोटोग्राफर मागे लागण्याबद्दल आहे की सोडून गेलेल्या मुलीबद्दल, मला अजून नीट ठरवता आलेलं नाही, बहुतेक दोन्ही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर हे गाणं लोकलमध्ये ऐकता येत नाही. डोंबिवली फास्टमध्ये दारात उभं राहून इअरफोनवर लावलं की कळव्याच्या पुलापर्यंत त्या व्हायोलिनींचा पत्ता नसतो, सगळं गाडीच्या आवाजात जातं. याउलट 'कर्टिस'मधली डॉ. ड्रेचा हात लागलेली गाणी मुंब्र्याच्या बोगद्यातसुद्धा कडक ऐकू येतात, एकेक ठोका वेगळा. मिक्सिंगमध्ये फिफ्टीचा अल्बम सरस आहे आणि हे कान्येच्या फॅननी मान्य करावं.

आणि कान्येचे फॅन अजून बरंच मान्य करत नाहीत. 'ड्रंक अँड हॉट गर्ल्स' हे इतकं वाईट गाणं आहे की ते अल्बममध्ये राहिलंच कसं, पाच मिनिटं दारू प्यायलेल्या मुलींना नावं ठेवायची आणि त्यासाठी मॉस डेफसारख्या रॅपरला बोलवायचं आणि जर्मनीच्या कॅन बँडचं चांगलंचुंगलं गाणं वाया घालवायचं. 'बॅरी बाँड्स' नावाचं गाणं लिल वेन या रॅपरबरोबर आहे, बाँड्स म्हणजे तो बेसबॉलवाला, ज्याने ऑगस्टमध्येच होमरनचा ७५६ चा रेकॉर्ड केला आणि ज्याच्यावर स्टिरॉइडचा संशय आहे, कान्ये म्हणतो मी तसाच हिट मारतो. मारलाय का, तर या गाण्यात तरी नाही, बाउंड्रीवर कॅच. शिवाय नुसतं रॅपर म्हणून बघितलं तर कान्ये अजूनही मध्यमच आहे, यमक जुळवायला कुठलाही शब्द कुठेही ओढून आणतो, श्वास कमी पडतो ते कळतं. आणि माज! अल्बम यायच्या दोन दिवस आधी एमटीव्हीच्या अवॉर्डमध्ये काही मिळालं नाही म्हणून लहान पोरासारखा थयथयाट केला. फिफ्टी कसाही असला तरी हरल्यावर रडत नाही.

पण मग अल्बमची शेवटची दोन गाणी येतात आणि मी परत कान्येच्या बाजूला जातो. शेवटून दुसरं 'होमकमिंग', शिकागो शहराला बालपणीची मैत्रीण समजून लिहिलेलं, त्यात कोल्डप्ले या बँडचा क्रिस मार्टिन गातो. आणि त्याच्या लगेच पुढे, शेवटचं, 'बिग ब्रदर', जे पूर्ण जे-झी या रॅपरबद्दल आहे. जे-झी म्हणजे त्याचा गुरू, बॉस, मोठा भाऊ, सगळं. त्यात तो जाहीर तक्रारी करतो. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या तुझ्या शोला मला पास मिळाला नाही, दोन तिकिटं विकत घे म्हणून निरोप आला. मी तुला सांगितलं की मी कोल्डप्लेबरोबर गाणं करतोय, आणि बघतो तर तुझंच कोल्डप्लेबरोबर गाणं आलेलं. हे ऐकताना कळतं की मघाशी जे क्रिस मार्टिनचं गाणं ऐकलं तेच ते, ज्यावरून हा रुसवा आहे! पुरावा आधी ऐकवला आणि फिर्याद नंतर. ज्याला घरात मोठा भाऊ आहे त्याला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही, त्याची जुनी शर्टं घालायची, त्याच्यासारखं व्हायचंय, त्याच्या पुढेही जायचंय, आणि त्याने सगळ्यांसमोर शाबास म्हणावं अशी इच्छा काही केल्या जात नाही. दोन्ही अल्बम मिळून एवढं खरं गाणं दुसरं नाही. फिफ्टीकडे पण असा गुरू आहे, एमिनेम आणि ड्रे दोघंही, त्याने एका ओळीत तरी सांगितलं का की त्यांच्याबद्दल आत काय वाटतं? एमिनेमला बोलावून केलं काय, तर 'पीप शो'.

आणि तारखेची एक गोष्ट, जी कोणीच लिहिली नाही. जे-झीचा 'द ब्लूप्रिंट' आला होता ११ सप्टेंबर २००१ ला, हो, त्याच दिवशी. कान्ये तेव्हा कोणाला माहीत नसलेला बीट बनवणारा पोरगा होता आणि त्या अल्बममधल्या मोजक्या गाण्यांच्या बीट्समुळेच त्याचं नाव झालं. बरोब्बर सहा वर्षांनी त्याच तारखेला त्याचा स्वतःचा अल्बम येतो आणि शेवटचं गाणं त्याच माणसावर असतं. मुद्दाम केलं की तारखा सरकता सरकता आपोआप झालं, मला माहीत नाही, पण फिफ्टीशी भांडण सगळ्या जगाने बघितलं आणि खरी स्पर्धा त्याची कोणाशी चालू आहे ते त्याने स्वतः तेराव्या ट्रॅकवर सांगून ठेवलंय.

राहता राहिला रिटायरमेंटचा प्रश्न, ज्यावर तुम्ही मजकूर संपवलात. लिहून ठेवा, फिफ्टी कुठेही जात नाही. पहिल्या आठवड्यात सात लाखाच्या जवळ कॉपी विकणाऱ्या माणसाला कुठली कंपनी घरी बसू देईल, त्या आठवड्यात तिसरा आलेला कंट्रीवाला केनी चेस्नी चार लाखाच्याही खालीच होता. आणि त्याच्यामुळे गँगस्टर रॅप संपलं वगैरे जे तुम्ही लिहिलंय तेही घाईचं आहे. एका माणसाचा एक अल्बम फसला, त्यात 'आय गेट मनी'सारखं गाणं असूनही फसला, त्याला गँगस्टर नाही, सतरा गाणी आणि नऊ पाहुणे कारणीभूत आहेत. आणि हे दोघं भांडत होते तेव्हा अमेरिकेत सिंगल्समध्ये नंबर वन कोण होतं? सोल्जा बॉय नावाचा सतरा वर्षांचा पोरगा, घरच्या कॉम्प्युटरवर बनवलेलं नाचाचं गाणं घेऊन. ते गाणं मला आवडत नाही, पण कंपन्यांनी खरं घाबरायचं असेल तर त्याला घाबरावं.

दोन्हीतला एकच घ्यायचा असेल तर 'ग्रॅज्युएशन' घ्या, सातवं-आठवं गाणं ('बॅरी बाँड्स' आणि 'ड्रंक अँड हॉट गर्ल्स') आलं की नेक्स्ट दाबा आणि थेट 'फ्लॅशिंग लाइट्स'वर या. 'कर्टिस' मित्राकडून आणा, पाचवा ट्रॅक, 'आय गेट मनी', मोठ्याने ऐका, परत द्या. आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला जे-झीचा 'अमेरिकन गँगस्टर' येतोय, म्हणजे मोठा भाऊ स्वतःच मैदानात उतरतोय, तेव्हा पुरवणीत परत अर्धं पान द्या, आनंदच आहे, फक्त ज्याला लिहायला सांगाल त्याला आधी सीडी द्या. नसेल तर माझी देतो, कव्हर फाडू नका एवढंच.

आपला,
एक नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)
३० सप्टेंबर २००७